टॉवेलवाला रांजण

रांजणाचं पोट फुगायला लागलं ते मला दिसलं. समोर उभ्या असलेल्या हिरालाही दिसलं. "थांब" म्हणायला हवं होतं, एकीने तरी. पण आमचा अबोला होता.

हिरा माझी धाकटी जाऊ. माझ्या सुकटीत वाळू लागते, असं ती लग्नघरात सगळ्यांसमोर बोलली होती. लागते कधीकधी. म्हणून काय सांगायचं?

आम्ही उमरोळीच्या. मडकी घडवतो, पण चाक वापरत नाही. माती दोरासारखी लांब वळायची, तिला आम्ही वळी म्हणतो. वळीवर वळी चढवत भिंत उभी करायची. मोठ्या रांजणाला दोघी लागतात. मी वळी ठेवते, हिरा दाबून बसवते आणि दोघी त्याच्याभोवती फिरतो. खालची माती जरा सुकून आवळली की मगच वरची वळी. घाई केली तर सगळा रांजण खाली बसतो.

केळव्याच्या एका रिसॉर्टमध्ये आमचा पहिला डेमो होता. जमला तर दर शनिवारी काम. नाहीतर दोघींना पुन्हा बोईसरच्या कारखान्यात पॅकिंगला उभं राहायचं होतं.

"मॅनेजरसाहेब, तिला विचारा, थांबायचं का?" मी म्हटलं.

"आजी, त्या समोरच आहेत की!"

"त्यांना सांगा," हिरा म्हणाली, "मोठ्या त्या हायत. आधी त्यांनी थांबावं. मला काय घाई नाय."

गेस्ट हसले. त्यांना वाटलं, नाटक चाललंय. मी मुद्दाम आणखी एक वळी ठेवली. हिराने ती मुद्दाम बसवली.

भिंत वाकली. दोघींनी एकदमच रांजणाला मिठी मारली. आता हात काढला की काम गेलं.

"बाय, सोडू नको!" हिरा ओरडली.

"तूच हलतेस, मेले! साहेब, फडकं आणा, पोटाला बांधायला!"

फडकं कुठलं मिळायला? मॅनेजर गेस्टचे पांढरे टॉवेल घेऊन धावत आला.

"अहो, नवेकोरे आहेत हे."

"मग फाटणार नाय. घट्ट बांधा."

रांजण वाचला. भाजून निघाला तेव्हा पोटावर टॉवेलचे बारीक ठिपके उमटले होते. मॅनेजरला ती डिझाइन वाटली. अशीच पुढेही करा म्हणाला, शनिवारचं काम पक्कं केलं.

अबोला आहेच. पण कामावर "थांब" एवढं बोलायचं, असं आम्ही ठरवलंय. मॅनेजरमार्फत.