'बसा' म्हटल्यावर बसलेले मास्तर

शिवलकर मास्तर वर्गात कधी बसायचे नाहीत. खांबाला पाठ टेकून, पाय फाकवून उभ्यानेच वही लिहायचे. जोगळेकर सर फळ्यावर 'नियोजन' लिहीत असले की मास्तर मध्येच डावीकडे झुकत. हातखंब्याच्या रस्त्याचं वळण अंगात मुरलेलं! एकदा त्यांच्याबरोबर मागचे तीन बाक झुकले आणि सावंत सिस्टरांची पर्स माझ्या मांडीवर येऊन पडली. खोटं वाटत असेल तर सिस्टरांना विचारा. त्या नाही म्हणतील, पण आधी हसतील.

"मास्तर, बसा की हो," आम्ही म्हणायचो.

"बसलो का डोळा लागतो. सवय नाय ना."

हे मास्तर शाळेतले नव्हेत, एस.टी.चे कंडक्टर. आमच्याकडे कंडक्टरला मास्तरच म्हणतात. आवाज असा, की स्टँडवर "पावस, पावस" ओरडले तर लांज्याच्या गाडीत बसलेली माणसं बोचकी घेऊन खाली उतरत. दोन हजार सालाच्या आसपास विद्यापीठाने नोकरदारांसाठी कार्यालय व्यवस्थापनाचा डिप्लोमा काढला. वर्ग रविवारी, कॉलेजात. मी बँकेतला कारकून, साहेबांनी ढकलला म्हणून आलेला. सिस्टरांना हॉस्पिटलात मेट्रन व्हायचं होतं. आणि मास्तर आले होते पायांसाठी.

संध्याकाळी त्यांचे पाय फणसासारखे सुजत. "बोट दाबला का खड्डा पडतो," ते सांगत. "बायको म्हणते, ह्यात भाताची लावणी करूया." डॉक्टरांनी बजावलं होतं, उभ्याचं काम सोडा, नाहीतर नोकरी सोडा. डेपोच्या ऑफिसात बसायची एक जागा रिकामी होणार होती, पण तिला हा डिप्लोमा लागत होता. लेखी परीक्षेतून मास्तर कसेबसे पार पडले. उरली तोंडी. तिच्यात गेले असते तर जागाही गेली असती.

तोंडीला मुंबईहून परीक्षक आले. चेहरा गार झालेल्या चहासारखा. शेजारी बसायला आमचे जोगळेकर सर देवरूखहून यायचे होते, पण त्यांची स्कूटर वाटेत पंक्चर झाली. इकडे व्हरांड्यात आम्ही सगळे मास्तरांना चिकटलेले. "मास्तर, हे कसं सांगायचं?" "मास्तर, ते विचारतील का?" माणूस घाबरला की कंडक्टरलाच विचारतो. परीक्षकांनी ते 'मास्तर, मास्तर' ऐकलं, ह्यांना आमचे शिक्षक समजले आणि म्हणाले, "चला मास्तर, सुरू करू. या, बसा."

मास्तर आत गेले आणि परीक्षकांच्या शेजारच्या खुर्चीत चक्क बसले.

पहिल्या सिस्टर. त्यांनी मास्तरांना त्या खुर्चीत पाहिलं आणि नर्सच्या आयुष्यात प्रथमच त्यांना कुणीतरी आपली नाडी बघावी असं वाटलं. परीक्षक म्हणाले, "मास्तर, तुम्ही विचारा."

मास्तरांनी घसा साफ केला. "सिस्टर, वॉर्डात खाट एक नि पेशंट तीन. काय कराल?"

सिस्टर अशा सुटल्या की थांबेनात! परीक्षक खूश. मग मी.

"कारकूनसाहेब," मास्तर म्हणाले, "काउंटरला रांग लागलेली असते तवा तुम्ही चायला जाता. ह्याला व्यवस्थापनात काय म्हणतात?"

परीक्षक खो खो हसले. तेव्हापासून मी चहा काउंटरवरच मागवतो.

तेवढ्यात जोगळेकर सर घामाघूम होऊन दारात. "शिवलकर! तुम्ही तिथे काय करताय? तुमची परीक्षा आहे ना?"

 परीक्षकांचा चेहरा तापला. "तुम्ही विद्यार्थी? मग ह्या खुर्चीत बसलात कसे?"

मास्तर उभे राहिले.  "साहेब, तुम्ही म्हणालात, बसा. आजवर कुठल्या साहेबानं मना बसा म्हटला नव्हता. नाय कसा म्हणू?"

 परीक्षक समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाले, "आता इकडे बसा. एकच प्रश्न. अधिकार सोपवणं म्हणजे काय?"

"मगाशी तुम्ही केलात ता," मास्तर म्हणाले. "फक्त कोणाला सोपवतोय ता विचारायचा राहिला."

जोगळेकर सरांनी डोळे मिटून घेतले. आणि परीक्षक असे हसले, की खिडकीवरचे कावळे उडून थेट खाडीपलीकडे भाट्याला गेले. मग सिस्टरांची आणि माझी परीक्षा त्यांनी पुन्हा, नीट घेतली. पास सगळेच झालो. मास्तरांना माझ्यापेक्षा जास्त मार्क मिळाले, हे मी बँकेत कुणाला सांगितलं नाही.

डेपोतली ती जागा मास्तरांना मिळाली. पुढे निवृत्त होऊन ते केळशीला गेले आणि भेटी संपल्या. पण ऑफिसातल्या पहिल्या दिवसाची गोष्ट त्यांनी मला स्टँडवर गाठून सांगितली होती, तीही असल्या आवाजात की दोन गाड्या सुटायच्या थांबल्या.

त्या संध्याकाळी ते घरी जाऊन ओटीवर टेकले. बायको तेलाची वाटी घेऊन आली. नडगीवर बोट दाबलं, उचललं. खड्डा नाही. दुसऱ्या पायावर दाबलं. नाही. दिवा जवळ आणला, परत दाबलं. मग वाटी खाली ठेवून तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"ओ," ती म्हणाली, "पाय तुमचेच ना हे?"