लिचीचे नखरे

लिचीचं बी दिसायला काय झोकात! काळसर तपकिरी, पॉलिश केल्यासारखं. आतून मात्र भित्रं. आमच्या गावी दुधीचं बी राखेत घोळून उन्हात वाळवतात आणि ते पुढच्या वर्षी गुमान उगवतं. हेही तसंच असेल म्हणून मी डेहराडूनच्या गच्चीत लिचीच्या बिया वाळवल्या, आईकडे न्यायला. मी काम करतो त्या बेकरीच्या मालकीणबाई, बीजी, हसल्या. "अरे पगले, ये सूखा तो मर गया!"

ऊन लागलं की मेलं, म्हणून म्हणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं! असल्या लाडोबाला काय म्हणावं? सातवीत माझी शाळा सुटली, तेव्हा मला कुणी ओल्या फडक्यात गुंडाळलं नव्हतं. हां, बीजींनी कामावर ठेवलं, जेवू घातलं, ते मी विसरणार नाही. ताजं बी आणि ओलं फडकंही त्यांनीच दिलं. आता रोज उठल्याबरोबर आधी ते फडकं उघडतो. काल कोंब दिसला. एवढ्या नखऱ्यांनंतर एवढासाच, केविलवाणा.

आईला लगेच फोन केला. ती म्हणाली, "इतकं नाजूक, आपल्या उन्हात जगेल का रे?"

"न जगायला काय झालं त्याला?" मी म्हणालो. "मी नाही का इथल्या थंडीत जगलो!"