लेखाखालच्या काकू

काकूंनी आयुष्यात एकही लेख लिहिला नाही. जे काही लिहिलं ते दुसऱ्याच्या लेखाखाली लिहिलं, आणि तो दुसरा म्हणजे त्यांचा नवरा. वर आमच्या सरांचा ऐसपैस लेख असायचा, त्यात सूर्यास्ताचा फोटो असायचा, शेवटी तीन टिंबं असायची. खाली काकू असायच्या. त्यांची प्रत्येक कमेंट ‘आवं’ या शब्दाने सुरू व्हायची. नवरा चारचौघांत भाषण करत असताना बायकोने मागून सदरा ओढावा, तसा तो ‘आवं’ होता.

सर साताऱ्याला आमच्या शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्तीनंतर ते सांगलीला राहायला गेले आणि तिथे त्यांनी ब्लॉग सुरू केला. तेव्हा मराठीत ज्याला त्याला ब्लॉग होता. मलाही होता, बँकेत नोकरी करणाऱ्या बाईला दुसरं काही परवडण्यासारखं व्यसन नव्हतं. सरांच्या ब्लॉगचं नाव संस्कृतात होतं आणि ते मला शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही. पण मी नेमाने वाचायचे. खरं सांगायचं तर लेख भराभर खाली सरकवून मी आधी काकू काय म्हणाल्या ते बघायचे. माझ्यासारखे बरेच होते. सरांना हे कुणी कधी सांगितलं नाही.

काकूंची पहिली कमेंट मला पक्की आठवते. सरांनी लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासावर लेख लिहिला होता. काकूंचं माहेर औंधच्या बाजूचं. तिथून नव्या नवरीला घेऊन एसटीने साताऱ्याला येताना धुक्यातून वर येणारे डोंगर, त्या डोंगरांकडे पाहताना मनात उठलेले तरंग, असं बरंच काही. खाली काकू: ‘आवं, तवा तुमी झोपला हुता. पार घोरत हुता. डोंगार मी बघितला.’ सरांनी खाली खुलासा केला की लेखनात थोडं स्वातंत्र्य घ्यावं लागतं. त्याखाली पुन्हा काकू: ‘घ्या की. पन डोंगार माजा हाय, त्यो घिऊ नका.’

या कमेंटवर नाव नसायचं. तिथे ‘अनामिक’ असं आपोआप यायचं. नाव लिहायच्या चौकटीत स्वतःचं पूर्ण नाव टाकायचं म्हणजे मध्ये नवऱ्याचं नाव आलंच, आणि ते काकूंना मंजूर नव्हतं. ‘नाव घ्यायचं ते उखाण्यात. कुनी बी चौकट पुढं केली की घ्यायचं व्हय?’ असं त्यांनी मला पुढे एकदा सुनावलं. नवऱ्याचं नाव जाहीरपणे लिहायला लाजणारी ही बाई त्याच नवऱ्याला जाहीरपणे खोटं पाडायला मात्र अजिबात लाजत नसे. तो अनामिक कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या नेहमी बरोबर असायच्या असंही नाही. कुणा पुतण्याचं लग्न फलटणला झालं की कराडला, यावर नवरा-बायकोची एका लेखाखाली आठवडाभर जुंपली होती. शेवटी सरांनी जुनी लग्नपत्रिका शोधून तिचा फोटोच टाकला. कराड. काकूंनी उत्तर दिलं, ‘पत्रिका चुकून छापली आसंल.’ माहेरचा विषय निघाला की त्यांचा तोल हमखास जायचा. सरांनी आपल्या आईच्या चटणीचं कौतुक केलं, तर त्या खाली माहेरच्या चटणीची अख्खी कृती लिहून काढायच्या आणि वर दम द्यायच्या, ‘करून बघा, मग बोला.’ मी करून बघितली. डोळ्यांतून पाणी आलं, पण चटणी फक्कड होती.

तसं मी त्यांना लिहिलं, आणि मग एकदा बँकेच्या कामासाठी सांगलीला गेले तेव्हा त्यांच्या घरी गेले. काकूंनी दार उघडलं. अंगाने बारीक, आवाज मात्र वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. ‘तूच व्हय ती साताऱ्याची?’ पाणी देता देता त्या म्हणाल्या, ‘लिवतीस चांगलं, पन लय उशिरा मुद्द्यावर येतीस. तवर माजी भाजी लागती गं खाली.’ माझ्या लिखाणाबद्दल इतकं नेमकं मला त्याआधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि नंतरही नाही. सर आतून ओरडले, ‘अगं, पाहुण्यांना असं बोलतात का?’ काकू शांतपणे म्हणाल्या, ‘वाचनारीनं बोलायचं न्हाई तर कुनी?’

आता सरांच्या दुखण्याकडे येते. सरांना नव्याचं वेड होतं. ब्लॉगसाठी नवं काही निघालं की सर पहिल्याच दिवशी तिथे खातं उघडणार, दोन दिवस त्याच्याशी खेळणार आणि तिसऱ्या दिवशी ‘पहिली छाप’ या नावाने त्यावर लेख लिहिणार. त्यांच्या सगळ्या छापा उत्तमच असायच्या. इथली अक्षरं डोळ्यांना त्रास देत नाहीत, तिथे फोटो चटकन चढतो, तिसरीकडे कोण कुठून वाचतं त्याचा नकाशा दिसतो. नकाशाने तर भूगोलाचा मास्तर पुरता घायाळ झाला. काकू खाली लिहायच्या, ‘आवं, भांडी नवी आनली म्हनून आमटी बदलत न्हाई.’

अशाच एका नव्या ठिकाणाच्या प्रेमात पडून सरांनी एक दिवस सगळा ब्लॉग तिकडे हलवला. दिसायला ते ठिकाण खरंच देखणं होतं, मीही ते नाकारत नाही. पांढरीशुभ्र पानं, मोठी अक्षरं, कडेला कसली लुडबुड नाही. जुने लेख सगळे फोटोंसकट व्यवस्थित आले. कमेंट आल्या नाहीत. त्या आणायची सोयच नव्हती, आणि इथून पुढे कमेंट लिहायची तर पूर्ण नावाने खातं उघडायची अट होती. सरांनी ‘पहिली छाप’ लिहिली. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे: ‘प्रतिक्रिया मात्र इकडे आणता आल्या नाहीत, परंतु त्यांत घरगुती गप्पाच अधिक असल्याने विशेष काही हरवले असे वाटत नाही.’

मी ते बँकेत वाचलं आणि माझं डोकं फिरलं. संध्याकाळी फोन केला. काकूंनीच उचलला. मी तावातावाने बोलत होते, त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, ‘बराबर हाय की त्यांचं. घरगुतीच हाय ते. मी घरातलीच न्हवं का?’ आवाज नेहमीचाच होता, मोठा. पण त्यांना इतकं थोडक्यात बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी म्हटलं, मी खातं उघडून देते, नुसतं माहेरचं नाव टाकू. त्या म्हणाल्या, ‘ऱ्हाऊ दे गं. जागा दिसायला लय चांगली हाय. उगं घान कशाला करायची?’

त्यानंतर काकूंनी सरांच्या लेखाखाली एक अक्षरही लिहिलं नाही. सर विचारायचे, वाचलंस का? त्या म्हणायच्या, ‘वाचलं की. चांगलं हाय.’ जन्मभर ज्या बाईने नवऱ्याचं एक वाक्य धड सोडलं नाही, ती आता सगळ्यालाच चांगलं म्हणू लागली. सरांना यात काही खुपलं नाही. उलट बायकोला आपलं लिखाण आताशा आवडू लागलंय, असं त्यांनी मला खुशीत सांगितलं. एवढा शिकलेला माणूस, नद्यांचे उगम तोंडपाठ, आणि घरात काय आटलं ते त्याला दिसलं नाही. माझा त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही. तो जावा असं मला वाटतही नाही.

काकू लिहीनाशा झाल्या तसे वाचकही पांगले. सरांनी दोष नव्या ठिकाणाला दिला. मग त्याहून नवं ठिकाण, मग त्याहूनही नवं. प्रत्येक ठिकाणी पहिली छाप उत्तम. ‘येथे वाचकांना व्यक्त होण्यासाठी अधिक चांगली सोय आहे,’ असं ते लिहायचे, आणि त्या चांगल्या सोयीत चिटपाखरू नसायचं. मधल्या काळात सगळ्यात पहिलं ठिकाण ज्या कंपनीचं होतं, तिने ते बंद केलं. तशी सूचना आली असणार, पण ती सरांच्या कुठल्या तरी जुन्या, कधीच न उघडलेल्या मेलवर. आम्हाला कळलं तेव्हा तिथे राहिलेल्या कमेंटसकट सगळं गेलं होतं. बंद पडलेली पानं साठवून ठेवणारी एक जागा इंटरनेटवर आहे, तिथेही मी शोधलं. डोंगराचा लेख मिळाला. त्याखाली ‘प्रतिक्रिया’ हा शब्दही होता. त्यावर बोट ठेवलं की कोरी खिडकी उघडायची.

पुढे काकू आजारी पडल्या आणि त्यांना मिरजेला दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला गेले. माझ्या फोनमध्ये तेव्हा नवीनच एक सोय आली होती. आपण बोलायचं आणि ते टाइप होऊन थेट ब्लॉगवर जायचं. मला वाटलं, आता काकूंना चौकट नको, नाव नको. त्यांचा स्वतःचा ब्लॉग काढू, त्या नुसत्या बोलतील. मी सगळं तयार करून फोन त्यांच्या तोंडापाशी धरला. काकू त्या पडद्याकडे बघत राहिल्या. पडदा त्यांची वाट बघत लुकलुकत होता.

‘काय बोलू?’

‘काहीही बोला. तुमच्या मनातलं.’

त्यांनी थोडा वेळ खरोखर प्रयत्न केला. मग फोन हाताने बाजूला सारला. ‘न्हाई गं, ह्ये मला जमायचं न्हाई. मला वर काय तरी लागतं बग. वर ह्यांनी काय तरी चुकीचं लिवलं की मला खाली सुचतं. असं मोकळ्या जागेत मी काय बोलू?’ आणि मग म्हणाल्या, ‘आता लिवत्यात का न्हाई ते? मला कोन दाखवतच न्हाई.’

सर बाहेर बाकावर बसले होते. त्यांच्या हातात फोन होता आणि ते कुठलंसं नवं ठिकाण बघत होते. मी त्यांना म्हटलं, काहीतरी लिहा आणि काकूंना वाचून दाखवा, कसंही लिहा. त्यांनी मान डोलावली. पण या नव्या ठिकाणी मांडणी अजून बसलेली नव्हती, ती बसली की लिहितो म्हणाले. काकू त्यातच गेल्या.

वर्षश्राद्धाच्या सुमाराला सरांचा लेख आला. त्यासोबत नेहमीप्रमाणे पहिली छाप होतीच: आता लिहायलाही संगणकाचा मदतनीस मिळतो, दोन ओळी सांगितल्या की तो लेख पुरा करून देतो, भाषा तर अशी ओघवती की थक्क व्हावं. लेख काकूंवर होता. खरंच ओघवता होता. ती समईसारखी शांतपणे तेवत राहिली. ती अबोल होती, सोशिक होती. आणि मग, ‘उभ्या संसारात तिने मला एकदाही उलटून उत्तर दिले नाही.’ मी ते वाक्य परत परत वाचलं. खाली काही लिहावं म्हणून पाहिलं, तर कमेंटची जागाच नव्हती. वाचकाचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून या नव्या ठिकाणी ती काढून टाकलेली आहे, असं पहिल्या छापेत लिहिलं होतं.

मी फोन केला. ‘सर, काकू अबोल कधी होत्या?’

सर म्हणाले, ‘ते मी नाही लिहिलं. ते त्या मदतनिसानं सुचवलं. वाचायला बरं वाटलं म्हणून ठेवलं.’

‘मग काढा ते. खोटं आहे ते.’

‘काढतो की,’ सर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. ‘पण काढून तिथं काय घालू? ती काय काय लिहायची ते तू सांग. मी सगळीकडं शोधलं गं. माझ्याकडं एक पण नाही.’

मला आठवत होतं ते मी सगळं सांगितलं. इथे लिहिलंय तेवढंच. सर ऐकत होते, मधेच एकदा हसलेही. माझं सांगून झाल्यावर ते म्हणाले, ‘आणि?’

मी आठवून पाहिलं. किती वर्षं वाचत होते मी त्यांना. त्या भांडल्या होत्या, चिडवलं होतं, कुणाच्या बारशाची, कुणाच्या म्हशीची हकिकत सांगितली होती, एवढं आठवत होतं. शब्द एकही आठवेना.

‘आणि नाही सर. एवढंच.’

‘एवढ्यावर लेख नाही व्हायचा,’ सर म्हणाले. ‘मग राहू दे तेच.’