घराच्या समोरचा फोटो

वाशीमच्या नव्या वस्तीत वास्तुशांती असली की फोटोकाका आधी नव्या घरापुढे सगळ्यांना उभं करून फोटो काढत. मग गच्चीवर चढत आणि तिथून समोरचा एक फोटो काढत. समोर काय, तर आमचा मळा! वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, मधे विहीर. खाली पंगत खोळंबे, यजमान हाका मारून थके. काका ढिम्म. "घराचा फोटू कोनीबी काढते. हे घर काय पाहून राह्यलं, थे नको पाहाले?" असं वर ऐकवत.

हे फोटो ते कुणाला देत नसत. दुकानातल्या पुठ्ठ्याच्या डब्यात ठेवत आणि मागे पेन्सिलीने नावं लिहीत. घरमालकाची नव्हे, गवंड्याची, रेती चाळणाऱ्या बायांची, तांड्यावरून हंगामापुरत्या आलेल्या जोडप्याची. "मालकाचं नाव फाटकावर रायते. ह्या लोकायचं कुठं रायते?" म्हणत.

एकदा त्यांनी मला बोलावून वेगवेगळ्या सालचे तीन फोटो काउंटरवर मांडले. "विहिरीच्या पायऱ्या मोज," म्हणाले. पहिल्यात चार उघड्या होत्या, दुसऱ्यात नऊ. तिसऱ्यात तळच दिसत होता. भोवतीच्या प्रत्येक घराने बोअर मारलं होतं.

"मले माहीत नाही काय, काका? वांगे माह्येच वाळून राह्यले ना!" मी चिडून म्हणालो. ते बिचारे ओशाळले.

मळा लेआउटला, म्हणजे प्लॉट पाडायला द्यायचं तोवर माझ्या मनात ठरत आलं होतं. आईने डोक्यावर पाटी वाहून जगवलेला मळा होता तो. काकांनी एकदा "नको देऊ" म्हटलं असतं तर मी थांबलो असतो. ते म्हणाले नाहीत, आणि मी सही केली.

विहीर बुजवायच्या दिवशी मी त्यांना मुद्दाम बोलावलं. जेसीबी मुरूम लोटू लागला. काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला, बराच वेळ तसाच धरला आणि फोटो न काढताच खाली घेतला.

"तुले वाईट वाटून राह्यलं काय, बापू?"

"नाही, काका." खरंच वाटत नव्हतं. आत सगळं बधिर होतं.

"मलेबी नाही. आधी लय वाटे. आता डोये पाहतेत, पन आत काहीच हालत नाही. मंग फोटू काढून काय करू?"

महिन्याभरात दुकान बंद करून ते अकोल्याला लेकीकडे गेले.

परवा त्या लेकीचा फोन आला, काका गेले म्हणून. मी म्हणालो, "बरं." ज्या माणसावर इतका जीव होता, त्याच्यासाठी तोंडातून निघालं काय, तर बरं! फोन खिशात टाकून मी लेआउटवर गेलो; प्लॉट दाखवायचं काम आता माझ्याकडेच होतं. कोपऱ्यातला प्लॉट बघायला आसेगावचं एक जोडपं आलं होतं. बाईने विचारलं, "इथं पानी लागन ना, भाऊ?"

मी म्हणालो, "लागन की."