अण्णांनी सगळ्यांना साईड दिली

चहा घ्या आधी. आणि हा किस्सा माझ्या बायकोसमोर, आमच्या मंगलसमोर, काढायचा नाही, एवढं वचन द्या. बीडमध्ये आमच्या गल्लीतून मी निघालो की अजून दोन-चार टाळकी डोक्यावर हात धरून पळायची नक्कल करतात. कोणामुळे? माझ्याच कर्तबगारीमुळे! पंचवीस वर्षं लग्नात, वरातीत, सभेत स्पीकर लावून पोट भरणारा माणूस मी. त्याचं आवाजाच्याच बाबतीत असं नाक कापलं जावं? पण गेलं.

सुरुवात अण्णांपासून. अण्णा म्हणजे माझे वडील. बत्तीस वर्षं एसटीवर ड्रायव्हर. नेकनूरच्या पुढं एक खेडं आहे, तिथली मुक्कामी गाडी त्यांच्याकडं. संध्याकाळी जायचे, तिथंच झोपायचे आणि परत येईपर्यंत आम्ही शाळेत गेलेलो. मला लहानपणी सायकल नको होती, नवे कपडे नको होते. मांजरसुंब्याच्या घाटातून अण्णांच्या मागं बसून एकदा जायचं होतं.

"ड्युटीवर पोरं आणायची न्हाईत," म्हणायचे. झालं, विषय संपला. त्यांच्या गाडीत अख्खा तालुका बसला, मी सोडून.

रिटायर झाल्यावर गावातल्या शाळेची जीप चालवायचे. गेल्या साली डाव्या अंगावरून वारं गेलं. हात परत आला, पण पाय क्लच दाबीना. जीप सुटली, लायसनही गेलं. तेव्हापासून माणूस गप्प. दुपारी काठी टेकत स्टँडवर जायचे, बाकावर बसून फलाटाला लागणाऱ्या गाड्या बघायचे. घरी येऊन दोन घास खायचे आणि भिंतीकडं तोंड करून पडायचे. मला वाटायचं, एकदा, नुसतं एकदा ह्या माणसाच्या हातात स्टेअरिंग द्यावं आणि मागं आपण बसावं. चाळिशी ओलांडलेल्या माणसानं असा हट्ट धरावा का? पण धरला!

योग कसा बघा. आमच्या ओळखीच्या एकाचं गेमिंगचं दुकान बंद पडलं. त्याच्याकडून स्टेअरिंग, पॅडल आणि मोठा टीव्ही उचलून आणला. मग बसलो मोबाईलवर व्हिडिओ बघत. शर्यतीच्या गेमसाठी लोक घरात गाडीची अख्खी केबिन बांधतात, राव! चारी बाजूंनी स्पीकर, म्हणजे मागून गाडी आली की आवाजही मागूनच येतो. आणि सीटखाली शेकर. शेकर म्हणजे असा स्पीकर समजा, जो वाजत नाही, नुसता थरथरतो. गाडी खड्ड्यात गेली की तुमचं बूड हादरतं. कानाला आवाज आणि बुडाला रस्ता!

मी म्हणालो, हे तर आपल्याच धंद्यातलं काम.

वरच्या खोलीत माझं सामान असतं, तिथंच लोखंडी अँगलची चौकट वेल्डिंग करून घेतली. भंगारातून एसटीची खरीखुरी ड्रायव्हर सीट आणली. क्लचची स्प्रिंग इतकी हलकी केली की मांजराचा पाय पडला तरी दबावा. दोन स्पीकर पुढं, दोन मागं, चार शेकर सीटखाली. गेममध्ये बस नव्हती, नुसत्या शर्यतीच्या गाड्या. मग मी स्टँडवर जाऊन जुन्या एसटीचं इंजिन मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि तो आवाज गाडीला चिकटवला. दिसायला विलायती गाडी, बोलायला लालपरी!

आता इथं माझ्यातला वरातवाला जागा झाला. चार शेकरवर भागतं होय? सीटमागं वरातीतले अठरा इंची बेसचे दोन डबे उभे केले. व्हिडिओतला माणूस पुन्हा पुन्हा सांगत होता, चौकटीखाली जाड रबर घाला, नाहीतर हादरा घरात उतरेल. रबर? रबर आवाज खातं. मी जन्मात आवाज खाऊ दिलेला नाही. चौकट थेट स्लॅबला बोल्ट केली.

रविवारी दुपारी अण्णांना धरून वर नेलं. ते दारातच थबकले. सीटकडं बघितलं, हात फिरवला. बसले. मी गाडी चालू केली.

"इंजिन मागं कावून वाजतंय बे?"

"अण्णा, शर्यतीच्या गाडीत मागंच असतं."

"मला काय करायची शर्यत? इंजिन डाव्या मांडीपाशी पायजे."

आली का पंचाईत! एक स्पीकर आणि दोन शेकर सोडवून त्यांच्या डाव्या गुडघ्यापाशी बसवले. अण्णांनी तिथं हात टेकवला, डोळे मिटले.

"हां. आता धग तेवढी कमी हाय."

गाडी तरी निघेना. मी म्हणालो, "अण्णा, दाबा की ॲक्सिलेटर!"

"बेल कुठंय?"

"कसली बेल?"

"कंडक्टरनं दोन बेल दिल्याबगर गाडी हालत न्हाई. आन एक बेल दिल्याबगर थांबत न्हाई. एवढं बी ठावं न्हाई का तुला?"

मी मागं स्टुलावर बसलो आणि पान्ह्यानं चौकटीवर दोनदा ठण ठण केलं. तसा अण्णांनी गिअर टाकला. काय सांगू! पाठ ताठ झाली, मान वर आली. डांबरी ट्रॅकवर गाडी नुसती गुरगुरत होती, सीटमधून बारीक थरथर येत होती. मी मागं बसून त्यांच्या मानेवरच्या पांढऱ्या केसांकडं बघत होतो.

अशा वेळी ड्रायव्हरला चहा पाहिजे, नाही का? ते रंगात आलेत, उठवायचं कशाला, म्हणून मी हळूच दार ओढून घेतलं आणि खाली स्वयंपाकघरात आलो. मंगलनं आधण ठेवलेलं. मी चहापत्ती टाकली.

आणि कपाटातले पेले वाजायला लागले.

आधी हळू. मग मांडणीवरच्या ताटल्या. मग कॅलेंडर भिंतीवर टकाटका आपटायला लागलं आणि पायाखालून घुर्र घुर्र असा आवाज. किल्लारीच्या वेळी मी शाळकरी होतो. आमच्या भागात तेव्हापासून रीतच पडली आहे, कळशी जरी हलली तरी माणूस आधी दार गाठतो आणि मग विचार करतो. मी तर विचार रस्त्यावर पोचल्यावरही केला नाही!

"भूकंप! भूकंप! बाहेर निघा!"

हातात चहाची गाळणी, पायात काही नाही. मंगल माझ्या मागून आली. मागून! हे तिनं नीट लक्षात ठेवलंय.

माझा आवाज तुम्हाला माहीतच आहे, त्याला माईक लागत नाही. दोन मिनिटांत गल्ली रिकामी. समोरचे रफिकभाई शिवणाच्या मशिनवरून उठून आले, गळ्यात टेप, खांद्यावर कुणाचा तरी अर्धा झंपर.

"या अल्ला! संजूभाई, जलजला लई मोठा हाय का?"

"मोठा? माझ्या भिंती हालायल्या!"

एवढं पुरे झालं. एक बाई म्हणाली, तिला सकाळपासूनच चक्कर येत होती. एकजण म्हणाला, हौदातलं पाणी उसळलं. कुणीतरी नेकनूरला मेहुण्याला फोन लावला. तिकडून मेहुणा सांगतो, "व्हय व्हय, आमाला बी लई जोरात जाणवला, आमी समदे रस्त्यावरच हाव!" मी मधोमध उभा राहून सगळ्यांना सांगतोय, तारेखाली थांबू नका, भिंतीजवळ जाऊ नका. गाळणीनं दिशा दाखवत होतो!

तेवढ्यात मंगलनं माझा दंड धरला. "अवो, अण्णा कुठंयत?"

देवाशप्पथ सांगतो, गाळणी हातातून गळून पडली. अण्णा वर. पाय धड नसलेला माणूस, वरच्या मजल्यावर, आणि त्यांचा एकुलता एक मुलगा सगळ्यात आधी रस्त्यावर. मी दाराकडं धावलो. रफिकभाईंनी कंबरेला मिठी मारली. "नको जाऊ, दुसरा झटका येतो!"

"सोडा हो, अण्णा वर हायत माझे!"

मी रडत होतो. हो, भर रस्त्यात. आणि मग रफिकभाईंची मिठी सैल झाली. ते माझ्या घराकडं बघायला लागले, मग स्वतःच्या घराकडं, मग खांबावरच्या तारांकडं.

"संजूभाई," ते हळूच म्हणाले, "ह्यो जलजला तुमच्या एकट्याच्याच घराला कावून आलाय?"

सगळ्या गल्लीनं माना वळवल्या. आमच्या खिडक्या थडथडत होत्या. बाकी पान हालत नव्हतं.

मी तीन-तीन पायऱ्या चढत वर गेलो, मागं निम्मी गल्ली. दार उघडलं. आतला आवाज छातीवरच बसला. अण्णा स्टेअरिंग धरून ताठ बसलेले, अंगभर हादरत होते आणि चेहरा असा, जसा मी कधी बघितलाच नव्हता. पडद्यावर गाडीची चारही चाकं ट्रॅकच्या बाहेर खडीत. मागच्या स्पीकरमधून शर्यतीची गाडी कोकलत आली की अण्णा आणखी बाजूला घ्यायचे, उजवा हात बाहेर काढायचे आणि तिला खुणावायचे, जा बाबा, जा. वीस गाड्या, पुन्हा पुन्हा फिरून येणाऱ्या. बत्तीस वर्षांचा बिनअपघाती ड्रायव्हर! अण्णांनी सगळ्यांना साईड दिली होती, आणि साईडपट्टीवरच्या खडीचा खडा न् खडा अठरा इंची बेसमधून माझ्या स्लॅबमध्ये उतरत होता.

मी बटण बंद केलं. घर एकदम मुकं झालं.

"काय रं? उतरलास कुठं तू?" अण्णांनी विचारलं. "बेल न्हाई, काय न्हाई. मी आपला चालवतोय."

मंगलनं सगळं सांगितलं. सगळं! मी तिच्याही पुढं पळालो तेसुद्धा. वाटलं, आता अण्णा फाडून खातील. फाडावंच त्यांनी, असं मनापासून वाटत होतं.

अण्णा माझ्याकडं बघत राहिले. "पळालास ते बरंच केलंस," म्हणाले. "मानसानं पळावंच." आणि एवढं बोलून ते हसायला लागले. वारं गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता डोळे पुसले त्यांनी. मीही पुसले, पण माझे वेगळ्या कारणानं.

दुसऱ्या दिवशी मी चौकटीखाली रबर घातलं. गुपचूप. चार वाजता गल्लीतली मंडळी हजर, "अण्णा, आमाला बी न्या की!" सीटमागं खुर्च्यांची रांग लागली. मी सगळ्यांच्या आधी पुढची खुर्ची धरली, अगदी अण्णांच्या पाठीशी. म्हणालो, "अण्णा, आज मी इथंच बसणार. शेवटपर्यंत."

अण्णांनी मान वळवली, मला खालून वर न्याहाळलं आणि रफिकभाईंना हाक मारली.

"रफिक, तू दाराकडं बस. आन ह्याला आत दाबून बसव. ह्यो चालत्या गाडीतून उडी मारतो."