आतलं फंक्शन

सकाळपासून पडद्यावर तोच निरोप येतो आहे: मॉड्यूल, म्हणजे वरून जोडायचा प्रोग्राम, लोड झालं नाही; त्याला लागणाऱ्या फंक्शनचं नाव सापडलं नाही. नाव आहे हो. कर्नलच्या, म्हणजे संगणकाच्या गाभ्याच्या आत ते फंक्शन सुखाने नांदतं आहे. मी ते ओळीओळीने वाचलं आहे. फक्त बाहेरून येणाऱ्या मॉड्यूलसाठी ते खुलं केलेलं नाही, आणि डिस्क चालवणारा माझा ड्रायव्हर पडला बाहेरचा.

मी वीस वर्षं जुना जावई. तरी सासरी पाण्यासाठी उठलो की, "तुम्ही बसा हो," म्हणतात. माणसाला इतक्या आदराने स्वयंपाकघराबाहेर ठेवता येतं, हे मला तिथेच कळलं.

गाभा सांभाळणाऱ्यांनीही आदरानेच कळवलं: गाभ्यातलाच एखादा ड्रायव्हर ते फंक्शन वापरत असेल, तरच खुलं करू. तुमचा ड्रायव्हर कोडसकट आत द्या.

"मग देऊन टाक की," चहा ठेवत बायको म्हणाली.

"मी कोण देणारा? कंपनीचा आहे तो. कंपनी कोड दाखवायला तयार नाही, आणि शुक्रवारपर्यंत चालला नाही तर सगळं काम बंद करणार आहेत."

"चार वर्षं खपलास. आणि त्यात तुझं काहीच नाही?"

तिने सहज विचारलं होतं. पन्नाशीला आलेल्या माणसाला इतकं सहज काही विचारू नये.

"चुका आहेत ना," मी म्हणालो. "त्या सगळ्या माझ्या."

एरवी माझ्या असल्या बोलण्यावर ती हसते. आज खुर्ची ओढून शेजारी बसली.