आधी कॅमेरा

पार्से गावचा बाबली बंगल्यांतल्या एसीचे डक्ट, म्हणजे हवेचे पत्र्याचे बोगदे, साफ करतो. ब्रशला हात लावण्याआधी तो लांब वायरचा कॅमेरा आत सोडतो. गिऱ्हाईक कितीही कातावलं तरी त्याचं एकच: “गणपतीची चवथ उद्या असली तरी आधी कॅमेरा.”

तीन वर्षांपूर्वी त्यानेच घाई केली होती. चवथीपुरतंच उघडणारं घर, डक्टची जाळी निखळलेली, आणि एक मांजरी सारखी पायांत घुटमळत ओरडत होती. बाबलीने तिला दोनदा पायाने दूर सारलं आणि फिरता ब्रश सुरू केला.

काम आटोपून तो डक्टमधून निघालेल्या कचऱ्याची थैली गाडीकडे नेऊ लागला, तर मांजरी थैलीच्या मागोमाग आली. आत तिची पिल्लं होती, हे त्याला तेव्हा कळलं.

ती तर पहिल्यापासून सांगत होती.